कॅमेऱ्यामागे उभं राहायचंय? विदर्भातल्या गावाकडच्या मुलींसाठी पहिल्या पावलापासूनची माहिती

"मले शूटिंग शिकाचं हाय," असं घरी म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "काऊन, हिरोईन व्हाचं हाय काय?" यात घरच्यांचा दोष नाही. गावात सिनेमा पोचतो तो पडद्यावरच्या चेहऱ्यांचा. सिनेमा संपला की नावांची लांबलचक यादी वर सरकत जाते, तोवर लोक उठलेले असतात. रोजगार मात्र त्या यादीत आहे. कॅमेरा, त्याचे सहायक, प्रकाशयोजना, ध्वनिमुद्रण, संकलन म्हणजे एडिटिंग, कला दिग्दर्शन, वेशभूषा, मेकअप, आधीच्या आणि नंतरच्या शॉटमधल्या बारीकसारीक गोष्टी जुळतात का हे बघणारी कंटिन्यूइटीची माणसं, हिशेब आणि गाड्या सांभाळणारं प्रॉडक्शन, सबटायटल लिहिणारे. शिवाय सिनेमाच्या बाहेर लग्नाचं शूटिंग आहे, बातम्या आहेत, शेतीचे व्हिडिओ आहेत, शाळा-संस्थांचे माहितीपट आहेत. या सगळ्याला माणसं लागतात.

हा लेख दहावी-बारावीतल्या किंवा नुकतंच कॉलेज सुरू केलेल्या मुलींसाठी आहे. तुझ्याकडे कॅमेरा नाही, ओळखीचं कोणी या धंद्यात नाही आणि घरून अजून होकारही नाही, असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट माहीत असू दे. हे काम बायकांना नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या. उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड टाकायला त्या उभ्या राहत. वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. बायका होत्याच, त्यांना मान आणि पैसे मिळायला वेळ लागला. हिंदी सिनेमात तर काम करायला लागणारं संघटनेचं मेकअप आर्टिस्टचं कार्ड बायकांना देतच नसत, त्यांनी फक्त केस करायचे असा संघटनेचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तो मोडून काढला. म्हणजे कालपरवापर्यंत हे चालू होतं. म्हणून "मुलींना हे जमत नाही" असं कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. जमू दिलं जात नव्हतं, हे खरं कारण आहे.

एकटीने नको, तिघी-चौघींनी सुरू कर

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. एकटी मुलगी फोन घेऊन शेतात उभी दिसली की गाव विचारतं. चौघी असल्या की तो शाळेचा प्रकल्प होतो. एकीला घरून "आज नाही" म्हटलं तरी काम थांबत नाही. आणि व्हिडिओचं काम मुळातच एका माणसाचं नाही. एकीने कॅमेरा धरायचा, दुसरीने आवाज सांभाळायचा, तिसरीने प्रश्न विचारायचे, चौथीने वहीत नोंद ठेवायची आणि मध्येच येऊन उभं राहणाऱ्या पोरांना बाजूला करायचं. दर वेळी कामं बदलून घ्या. नाहीतर जिचा फोन तिच्याच हातात कॅमेरा राहतो आणि बाकीच्या पाणी भरतात.

जागा अशी निवडा की कोणाला शंका येणार नाही: शाळेची खोली, ग्रामपंचायतीचं वाचनालय, आयांच्या बचत गटाची बैठक जिथे होते ती ओसरी. वेळ ठरलेली ठेवा, उदाहरणार्थ रविवारी सकाळी दोन तास.

आता फोन. बहुतेक घरांत चांगला फोन बाबांचा किंवा भावाचा असतो. "फोन खराब करशीन" या उत्तरावर रुसून उपयोग नाही, सौदा करायचा. स्वतःचं मेमरी कार्ड घ्या, ते फोनमध्ये टाकून त्यावरच रेकॉर्ड करा आणि परत देताना काढून घ्या. फोनमधलं काही उघडणार नाही, काही पुसणार नाही, चार्ज करून वेळेत परत आणू, एवढे शब्द द्या आणि पाळा. दोन-तीन रविवार हे नीट झालं की फोन मागावा लागत नाही.

फोन हातात आला की

लेन्स स्वच्छ सुती कापडाने पूस. खिशातल्या, तेलकट बोटांच्या फोनवर धुरकट चित्र येतं आणि दोष मात्र फोनच्या किमतीला दिला जातो. एअरप्लेन मोड लाव, नाहीतर ऐन मुलाखतीत मामाचा फोन येईल. फोन आडवा धर. उभं चित्र रील्ससाठी ठीक, पण शिकताना आडव्या चौकटीत काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे डोळ्याला कळलं पाहिजे. रेकॉर्डिंग १०८०पी (फुल एचडी) वर ठेव. त्यात एका मिनिटाला साधारण १०० ते १५० एमबी जागा जाते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात तीन तासांवर चित्रण मावतं. फोर-केच्या मोहात सध्या पडू नकोस, कार्डही भरतं आणि नंतर संकलन करताना फोन अडकतो.

पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. हे केलं नाही तर माणूस जरा हलला तरी चित्र उजळत-काळवंडत राहतं. ट्यूबलाइटखाली पट्टे लुकलुकताना दिसले तर 'ओपन कॅमेरा' सारखं मोफत अ‍ॅप घे आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा आकडा जुळतो.

उजेडाचा एकच नियम आधी पाठ कर: उजेड माणसाच्या तोंडावर, तुझ्या पाठीमागे किंवा बाजूला. दारात बसलेल्या आजीच्या मागे अंगणातलं ऊन असेल तर आजी काळी दिसणार. तिला वळवून दाराकडे तोंड करून बसव. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली खड्डे पडतात, तिथे पांढरं धोतर किंवा थर्माकोलचं पान समोरून धर, म्हणजे उजेड परतून चेहऱ्यावर येतो. सरस्वतीबाईंची ती चादर हेच काम करत होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा फोन तापून कॅमेरा आपोआप बंद पडतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच बाहेरचं काम घ्या. त्या वेळचा उजेडही सुंदर असतो.

आणि आवाज! चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, बोलणं कळलं नाही तर दहा सेकंदांत पुढे सरकवतात. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर असेल तरच त्याचा स्वतःचा माइक पुरतो. नाहीतर वायरचा कॉलर माइक घ्या, हजार रुपयांच्या आत कामापुरता मिळतो. तोही नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि नंतर संकलनात त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवा. शूटिंगवाल्यांची क्लॅपची पाटी याच कामासाठी असते. मोटरपंप, कुलर, डीजे, वारा हे आपले नेहमीचे वैरी. मुलाखतीआधी एक मिनिट डोळे मिटून ऐक आणि बंद करता येईल ते बंद करायला सांग. निघण्यापूर्वी त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट भरून घे. संकलनात दोन वाक्यांच्या मधली फट भरायला तो लागतो, आणि नवशिक्या हमखास हेच विसरतात.

एक काम, पाच शॉट

गोष्ट सांगण्याआधी हा सराव करा. कोणाचंही हाताचं काम निवडा. समजा, कापूस वेचणाऱ्या काकू. पहिला शॉट फक्त हातांचा, बोंडातून कापूस निघताना. दुसरा चेहऱ्याचा. तिसरा लांबून, सगळी पऱ्हाटी आणि ओळीने वेचणाऱ्या बाया दिसतील असा. चौथा काकूंच्या खांद्यामागून, त्यांना काय दिसतं ते. पाचवा तुझ्या मनाचा: झाडांच्या बुंध्यातून वर बघणारा असो, की कमरेच्या ओटीत पडणाऱ्या कापसाचा. प्रत्येक शॉट मनात दहा आकडे मोजेपर्यंत हलवायचा नाही. झूम करायचं नाही, जवळचं हवं तर चालत जवळ जायचं. पाचही शॉट एकाच बाजूने घे. मध्येच पलीकडे गेलीस तर काकू एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघताना दिसतील आणि बघणारा गोंधळेल.

हेच भाकर थापणाऱ्या आईवर, सायकलचं पंक्चर काढणाऱ्या दादावर, पोळ्याला बैल सजवणाऱ्या आजोबांवर कर. चार-पाच कामं झाली की डोळा आपोआप शॉट शोधायला लागतो.

पहिली तीन मिनिटांची फिल्म

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत, भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव आणि त्यावर जगणारे ढिवर आहेत, मेळघाटात कोरकू घरं आहेत, गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्याची पुडकी बांधणारे हात आहेत. पण पहिली फिल्म कोणा एका माणसाची असू दे. 'आमच्या गावाची पाणीटंचाई' हा निबंध होतो. 'रोज पहाटे हापशीवर पहिला नंबर लावणारी मंदा काकू' ही फिल्म होते.

प्रश्न असे विचार की उत्तरात पूर्ण गोष्ट येईल. "पान तोडायला कधी जाता?" याचं उत्तर "पहाटे" एवढंच. "तेंदूच्या हंगामातला एक दिवस उठल्यापासून सांगा" म्हटलं की माणूस बोलायला लागतो. बोलत असताना "हं, हो का" करू नकोस, मान हलव. गप्प झाला तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. बऱ्याचदा त्या शांततेनंतरच खरं बोलणं येतं.

आणि कृपा करून कोणाला "शुद्ध बोला" म्हणू नकोस. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोरकू, जे घरात बोलतात तेच येऊ दे. खाली सबटायटल देता येतात. ही भाषा कळणारी, तिचा सूर ओळखणारी मुलगी पुण्या-मुंबईहून आलेल्या कोणत्याही युनिटपेक्षा इथे पुढे आहे.

शूट करण्याआधी परवानगी घे: कशासाठी, कुठे दाखवणार हे सांगून. लहान मुलांसाठी आई-बापांची. माणसाने नंतर "हे काढ" म्हटलं तर काढायचं. इंटरनेटवर टाकायची घाई नको.

जोडणी

संकलन वहीवर सुरू होतं. सगळं चित्रण एकदा बघ, कामाचे तुकडे वेळेसकट लिहून काढ, मग क्रम लाव. त्यानंतर अ‍ॅप उघड. फोनवर व्हीएन किंवा काइनमास्टर पुरे आहे. शाळेत, वाचनालयात किंवा ओळखीच्या सेंटरवर संगणक मिळाला तर शॉटकट आणि केडेनलाइव्ह मोफत आहेत आणि साध्या मशीनवर चालतात. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती व्यावसायिक दर्जाची आहे, पण तिला दणकट संगणक लागतो. पुढे नोकरी हवी असेल तर कधीतरी ती शिकावीच लागेल. सिनेमातलं गाणं लावू नकोस, कॉपीराइटमुळे व्हिडिओ अडतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे, आणि शेतातला खरा आवाज त्याहून चांगला. मराठी टायपिंग शिकून घे. सबटायटल आणि नावं शुद्धलेखनासह टाकणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे हे वेगळं कौशल्य म्हणून खपतं.

तयार झालेली फिल्म आधी गावातच दाखवा. शाळेचा प्रोजेक्टर, नाहीतर बचत गटाच्या बैठकीत फोन भिंतीला टेकवून. लोक कुठे हसतात, कुठे आपापसात बोलायला लागतात हे बघ. जिथे बोलायला लागले तिथे तुझी फिल्म लांबली आहे. घरचा होकार मिळायचा असेल तर तोही बहुधा याच दिवशी मिळतो.

पैसे कुठून मिळतील

सगळ्यात जवळचं काम लग्नसराईचं. तालुक्याच्या ठिकाणी फोटो स्टुडिओ असतात आणि त्यांना मदतनीस लागतात. इथे मुलीचं पारडं जड आहे, हे फार कमी जणी ओळखतात. हळदीची खोली, नवरीची तयारी, डोहाळजेवण, बारसं, या ठिकाणी बाया पुरुष कॅमेरामनसमोर आखडतात, पदर सावरतात, उठून जातात. कॅमेऱ्यामागे मुलगी असली की त्या मोकळ्या हसतात आणि चित्र जिवंत येतं. घरातली मोठी माणसंही निश्चिंत असतात. स्टुडिओवाल्याशी हेच बोल: "बायकांकडचं सगळं आम्ही दोघी करतो."

काम घेताना कागदावर लिही, साध्या वहीच्या पानावर चालेल: किती तास, काय द्यायचं, कधी द्यायचं, पैसे किती, आगाऊ किती. रात्री घरी सोडणारी गाडी आणि सोबत दुसरी मुलगी हेही त्याच कागदात आलं पाहिजे. "पोरगी रात्री-बेरात्री कशी येईन?" हा आईचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कामाच्या अटीत असायला हवं.

लग्नाखेरीज शाळांचं स्नेहसंमेलन, बचत गटांच्या लोणच्या-पापडांच्या जाहिराती, कृषी केंद्र आणि शेतकरी कंपन्यांचे माहितीचे व्हिडिओ अशी कामं मिळतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या मुलींना तर झाडीपट्टी रंगभूमी दारातच आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडसा हे त्याचं केंद्र, शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं होतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. रंगमंचावर बाया आहेत, पण प्रकाश आणि ध्वनी सांभाळताना मुली क्वचितच दिसतात. घरच्या कोणासोबत जाऊन एका मंडळीचा पडद्यामागचा सगळा पसारा बघ, लाइटवाल्याला प्रश्न विचार. इतकी जिवंत शाळा फुकट मिळत नाही.

बातमीदारीकडे ओढा असेल तर बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'चं काम बघ. २००२ साली गावातल्या बायकांनी वर्तमानपत्र म्हणून ते सुरू केलं, आज त्या व्हिडिओ बातम्या करतात. आपल्या शेजारच्या तेलंगणात, जहीराबादजवळच्या पस्तापूर भागात, लिहिता-वाचता न येणाऱ्या दलित शेतकरी बाया डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीतून कॅमेरा शिकल्या आणि शेतीवर फिल्म बनवू लागल्या. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने तर १९८४ मध्येच कामगार बायकांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला होता.

शिक्षण कुठे घ्यायचं

दहावीनंतर आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफरसारखा ट्रेड असतो. तो सगळीकडे नसतो, तुझ्या जिल्ह्यात आहे का ते प्रवेशाच्या वेळी विचार. बारावीनंतर नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाची वाट आहे, त्यासाठी सीईटी द्यावी लागते. नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात पत्रकारितेबरोबर नाटक आणि सिनेमाचंही शिक्षण मिळतं.

पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) म्हणजे १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली सरकारी संस्था. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी हे तिथले मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत आणि बहुतेकांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. यवतमाळच्या कॉलेजातली बी.ए. तिथे तितकीच चालते, जितकी मुंबईची. प्रवेश परीक्षा असते, जागा थोड्या असतात, आरक्षण असतं. कोलकात्याची सत्यजित राय संस्था याच धर्तीची. म्हणून पदवी अर्धवट सोडून मुंबई गाठू नकोस, हे मी कळकळीने सांगते.

शहरातल्या खासगी संस्थांत पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचार: गेल्या वर्षीच्या मुलांनी बनवलेलं काम दाखवता का, कॅमेरा प्रत्येकाच्या हातात किती वेळ येतो, आणि मध्येच सोडलं तर फी परत मिळते का. "शंभर टक्के नोकरी" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फीर. शिक्षणाशिवायही वाट आहे. सुमित्रा भावे सामाजिक कामातून आल्या, सिनेमाच्या शाळेत न जाता १९८५ च्या 'बाई' या लघुपटापासून त्यांनी सुरुवात केली आणि मराठी सिनेमात मोठं काम उभं केलं.

सुरक्षिततेचं

काम देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते काम नाही. पहिली भेट दिवसा, ऑफिसात, सोबत कोणीतरी घेऊन. कामाचं ठिकाण आणि तिथल्या दोन माणसांचे नंबर घरी लिहून ठेव. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान युनिट असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर, आणि अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी १०९८ (चाइल्डलाइन), फोनमध्ये असू देत.

ताई, सर, आई-बाबा, तुमच्यासाठी

"तू कर, आम्ही पाठीशी आहोत" याने मुलीला फार मदत होत नाही. तिला लागतात दोन तास, एक खोली, एक फोन आणि परत येताना सोबत. शिक्षकांनी स्नेहसंमेलनाचं चित्रण बाहेरच्या माणसाला देण्याऐवजी एका वर्षी मुलींच्या गटाला देऊन बघावं. मुलगी कॅमेरा घेऊन उभी असताना मुलाने येऊन "दे, मी दाखवतो" म्हणत तो हातातून घेतला तर तिथल्या तिथे थांबवावं. हे रोज घडतं आणि मुली यानेच मागे सरतात. घरच्यांनी पहिल्या कामाचे पैसे तिच्या नावाच्या खात्यात जाऊ द्यावेत.

त्या पैशांतून लगेच कॅमेरा घेऊ नका. आधी माइक, मग साधा ट्रायपॉड, पॉवर बँक, आणि मग हार्ड डिस्क, कारण दुसऱ्याच्या लग्नाचं चित्रण हरवलं तर ते पुन्हा करता येत नाही. प्रत्येक फाइल दोन ठिकाणी ठेवायची सवय पहिल्या कामापासून लावा. कॅमेरा पुढच्या हंगामात, शक्यतो वापरलेला, ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून तपासून. कर्ज घ्यायचंच असेल तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, आणि आई बचत गटात असेल तर गटाचं अंतर्गत कर्ज त्याहून सोपं पडतं. हप्ता ठरवताना लक्षात ठेवा, लग्नसराई संपली की पावसाळाभर हातात काम कमी असतं.